तबकडीची मागची बाजू

"मासळी घ्यायची तर घे. नाक कशाला धरतोस?" व्हेरोलीन गिऱ्हाइकावर खेकसली. तो हसला आणि तेच गाणं गुणगुणत पलीकडच्या मासेवालीकडे गेला.

गाणं मेजर क्लोव्हिस या गायकाचं होतं. 'शेगडी' नावाचा एकच ठेका, त्यावर जमैकातल्या किंग्स्टनच्या अकरा गायकांनी आपापली गाणी म्हटली होती. दहा जणांनी पोरींवर नाहीतर पोलिसांवर म्हटली. क्लोव्हिसने नाव घेऊन व्हेरोलीनवर म्हटलं. सात वर्षं तिच्या घरात राहून हा गडी निघून गेला, आणि वर म्हणतो कसा, तिच्या मासळीला वास येतो! पंधरा दिवसांत तिचा धंदा बसला. सकाळी आणलेला स्नॅपर मासा संध्याकाळी मांजरांना घालायची पाळी आली.

शनिवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी तबकड्या वाजवणाऱ्या टॅगीने आपले कपाटाएवढे स्पीकर मांडले. क्लोव्हिस बियरची बाटली घेऊन तिथेच मिरवत होता. त्याचं गाणं संपलं तशी व्हेरोलीन खवल्यांनी भरलेल्या एप्रनसकट पुढे झाली.

"टॅगी, तबकडी उलटव."

"मागे गाणं नाही गं बाई. नुसता ठेका आहे."

"तेच पाहिजे. आणि तो माईक आण इकडे."

मागच्या बाजूला नुसता ठेका ठेवतात तो यासाठीच. ज्याच्या अंगात दम असेल त्याने यावं आणि वर आपलं म्हणावं. बायका सहसा येत नसत. क्लोव्हिस खिदळला. व्हेरोलीनने माईक तोंडाशी धरला.

"सात वर्षं माझ्याच ताटात जेवलास, मेजर,
काटेसुद्धा चोखलेस, आता वास येतो?
शर्टाचं बटण लागत नाही तुझं,
ते पोट काय वाऱ्यावर वाढलंय?"

गल्लीत एकच गिल्ला झाला. लोक पत्र्याच्या कुंपणावर तळहात बडवू लागले. टॅगीने सुई उचलली आणि तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. असं तीनदा झालं. मग रिवाजाप्रमाणे त्याने माईक क्लोव्हिसपुढे धरला. ज्याच्या नावाने म्हटलंय, त्याने उत्तर तिथल्या तिथे द्यायचं असतं.

"घसा बसलाय," क्लोव्हिस म्हणाला.

सोमवारी ठेक्याचा मालक डेलप्रॅट स्वतः बाजारात आला. हा माणूस कधी गाडीतून उतरत नाही; आज चिखलात उभा होता.

"मिस व्हेरा, चल स्टुडिओत. तुझी वेगळी तबकडी काढतो. वर तुझं नाव, तुझा फोटो."

"वेगळी नको. क्लोव्हिसची हीच तबकडी पुन्हा छापशील ना, तिच्या मागे घाल मला."

"वेड लागलंय का? मागची बाजू कोण विचारतं?"

व्हेरोलीनने सुरी खाली ठेवली.

"माझी तबकडी माझी माणसं घेतील, मिस्टर डेलप्रॅट. मला त्याच्या माणसांच्या घरात शिरायचंय."