पडला तो कुणाचा

ठेका बदलला की आम्हा वायरमन लोकांचं काम तेच राहतं, मालक बदलतो. यंदा ठेका बदलला त्याच सकाळी दादा विजेच्या खांबावरून पडला, कंबर मोडली. वहिनी तडक वीज कंपनीच्या कचेरीत आल्या.

जुना ठेकेदार म्हणाला, "माझं काल संपलं."

नवा म्हणाला, "माझ्याकडे अजून रुजू कुठे झालाय?"

साहेबांनी हात झटकले. "ठेक्याची माणसं आमची नसतात, बाई."

"मग चढ म्हणून फोन कुणी केला होता?"

साहेबांनी बंद पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तेवढी लाइन जोडून ये रे. उकडतंय."

मी सेफ्टी बेल्ट त्यांच्या टेबलावर आदळला. "तुम्हीच चढा, साहेब. तुम्ही पडलात तर निदान कुणाचे ते ठाऊक आहे."