पहिल्या रांगेतलं हसू

पहिल्या रांगेतला कारखान्याचा मालक जसजसा मांडीवर थापा मारत हसत होता, तसतसा विंगेतल्या नाटककाराचा संशय वाढत होता. कारखान्याचं घाण पाणी गावाच्या नळांना येतं, यावरच त्याचं विनोदी नाटक होतं. “स्वतःवरच्या नाटकाला हा का हसतोय? काहीतरी काळंबेरं आहे,” तो पुटपुटला. मध्यंतरात मालकाने आत येऊन मिठीच मारली. “झकास! पुढचे सगळे प्रयोग आमच्यातर्फे. लोक हसले की कुरकुर विसरतात!” नाटककाराचं तोंड कडू झालं. शेवटच्या प्रवेशात तो गल्लीतल्या नळाचं पिवळट पाणी पेल्यात घेऊन स्वतःच प्रेक्षकांत उतरला. “मालक, हसून घसा कोरडा पडला असेल. घ्या.” नाट्यगृह दणाणलं. मालकाने हसतच पेला तोंडाजवळ नेला आणि वासानेच हात थबकला. हशा थांबला. मागून एका बाईचा आवाज आला, “प्या ना, मालक. आमची पोरं रोज पितात.”