भिरकावलेले बूट

मी बालसंरक्षण अधिकारी. मुलगी आईकडे परत सोपवल्यानंतरची शेवटची भेट होती. आईनं घर लख्ख ठेवलं होतं. दारू सुटली होती, कामही टिकलं होतं, पण माझ्यापुढे चहा ठेवताना तिनं विचारलंच, “लेकीला पुन्हा नाही ना नेणार, ताई?” तेवढ्यात लेक शाळेतून आली. एक बूट दाराशी उडाला, दुसरा थेट माझ्या पायाशी. पोरगी आत पसार! आईच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं भवाने, ताई बसल्यात! उचल आधी!” “राहू द्या,” मी म्हटलं. “आम्ही हिला इथून नेलं, तेव्हा ही बूट घालूनच झोपायची. कधीही पळावं लागेल म्हणून. बालगृहातही कित्येक दिवस काढू देत नव्हती.” बुटासाठी वाकलेली आई थबकली. मग रिकाम्या हातांनीच ताठ उभी राहिली. “रोजचंच आहे हिचं!” तक्रारच केली तिनं, पण मिरवत.