आधी तिनं करावा

आई आणि मावशी, सख्ख्या बहिणी, वर्षभर अबोला धरून बसल्या होत्या. "आधी तिनं फोन करावा," हेच दोघींचं पालुपद.

मावशीचा इंटरनेटवरचा फोन सारखा अडखळायचा, म्हणून बिघाड शोधायला मी तिच्याकडे एक मुक्त सॉफ्टवेअर लावून ठेवलं. ते म्हणजे देवळाच्या दारातला राखणदारच! फोन कुणाला लावला, कधी ठेवला, एवढंच मुकाट्यानं पाहतं. आत देवाशी काय बोलणं झालं, ते त्याला ठाऊक नसतं.

त्यात दिसलं ते सांगायला मी घरी धावलो. "अगं आई, मावशी रोज तुला फोन लावते आणि रिंग वाजायच्या आत ठेवून देते!"

 

आई हळूच म्हणाली, "पहिल्यापासून धीटच ती! मी तर शेवटचा आकडा दाबायच्या आतच ठेवते."