हिरव्या ओळी

पुण्याच्या दोन कंपन्यांनी मुलाखतीला बोलावलं आणि दोन्हींना कुणीतरी शिवकन्याच्या मेलवरून परस्पर नकार कळवला. तिसरं बोलावणं आजच आलं होतं. बोरी गावातल्या घरी बसून तिनं मेल कधी, कुठून उघडला त्याच्या नोंदी लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये घेतल्या आणि ओळी ओळखून रंगवणारं एक सूत्र, रेग्युलर एक्स्प्रेशन, लिहिलं: घरच्या इंटरनेटवरून उघडल्याची ओळ हिरवी, बाहेरून उघडल्याची लाल.

"कोण करायलंय गं असं?" मागून तिचे वडील, आप्पा, म्हणाले. "सापडू दे, तंगडंच तोडतो."

तिनं एंटर दाबलं. पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला. नकार गेले त्या दोन्ही दुपारी ती परभणीला क्लासला होती, आणि घरी एकटे आप्पा.



"समदं हिरवं हाय," आप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हंजी भ्यायचं काई न्हाई ना?"