हिरवं झालं ना

साहेबांनी बाटली टेबलावर ठेवली आणि हे खालच्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी आहे, असं सांगितलं. मामांनी बाटलीकडे पाहिलंच नाही. ते साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. चेहरा पार उतरला होता.

तपासणीत त्या पाण्यात क्रोम सापडलं होतं, तेही जहरी जातीचं. गल्लीच्या वरच्या अंगाला क्रोमचा मुलामा देणारा कारखाना एकच, आणि त्याच्या सांडपाण्याच्या टाकीवर माणसं दोनच: मामा आणि त्यांच्या बहिणीचा मुलगा. टाकीतलं पाणी हिरवं झाल्याशिवाय सोडायचं नाही, असा नियम होता. तो कोणी मोडला, एवढंच साहेबांना वर कळवायचं होतं.

"कोणा एकाचं नाव द्यावं लागेल, मामा," साहेब म्हणाले. अख्खा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. "दोघं मिळून काय ते ठरवा. उद्या सकाळी मला सांगा."

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पाणी हिरवं करण्यासाठी टाकीत टाकायच्या पुडीची पोती ओल लागून निकामी झाली होती म्हणे.

मामा बाहेर आले. खालच्या गल्लीत त्यांची लेक दिली होती. तिच्या हातांवरच्या जखमा काही केल्या भरत नव्हत्या. नातू पोटदुखीनं इस्पितळात पडला होता, आणि आज सकाळी डॉक्टरांनी त्याच्याबद्दल बोलताना लेकीच्या नजरेला नजर दिली नव्हती. मामा त्याच्या उशाशी बसत आणि एकच गोष्ट मनाशी घोकत. हे विष आपल्या टाकीतलं नाही. असूच शकत नाही.

त्यांच्या या खात्रीला कारण होतं.

क्रोम हा धातू रंगेल, आणि दुतोंडीही. कारखान्यात एक केमिस्टबाई होत्या, त्यांनी एकदा सगळ्यांना समजावलं होतं. या कुळातले धातू असेच, इलेक्ट्रॉन किती गमावले त्यावर यांचा रंगही बदलतो नि स्वभावही. सहा गमावलेलं क्रोम नारिंगी, आणि जहाल विष. त्यात पूड टाकली की तीन इलेक्ट्रॉन त्याला परत मिळतात, मग ते हिरवं होतं आणि गरीब गाईसारखं गाळात जाऊन बसतं. सगळा खेळ रंगाचा. नारिंगीचं हिरवं झालं की झडप उघडायची.

आणि मामांना नारिंगी कोणतं नि हिरवं कोणतं, हे जन्मात कधी कळलं नव्हतं. त्यांच्या लेखी दोन्ही मातकट. फळ पिकलंय की नाही हे ते दाबून बघत. ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा कळू दिली नव्हती. पूर्वी टाकीवर काट्याचं यंत्र होतं, विष उतरलं की काट्यावरून कळायचं, तोवर निभावून गेलं. ते बिघडलं आणि नवं काही येईना, तेव्हा मामांनीच साहेबांना अक्कल शिकवली. एकट्याच्या डोळ्यांवर भरवसा नको, दोघांनी बघावं, मगच पाणी सोडावं. साहेबांना वाटलं, केवढा जबाबदार माणूस! त्यांनी मामांची पाठ थोपटली आणि दुसरा माणूस निवडायचं कामही मामांवरच सोपवलं. मामांनी भाच्याला आणला. मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यामुळे भाच्याला कोणी काही विचारलं नाही.

भाचा चांगला दोन लेकरांचा बाप, मिशा मोठ्या आणि तोंड मात्र मिटलेलं. आल्या आल्या त्यानं टाकीवरच्या झाडून सगळ्या डब्यांवर नि पिंपांवर ठळक अक्षरांत नावं लिहून काढली. मामा काय ते समजले. पोरानं आपलं गुपित ओळखलं, आणि चकार शब्द न काढता सांभाळून घेतलं. त्या दिवशी त्यांना गहिवरून आलं होतं.

तेव्हापासून काम सुरळीत चाललं होतं. पूड टाकायची, ढवळायचं, थोडं थांबायचं, मग दोघांनी काठावरून वाकायचं. भाचा म्हणायचा, "हिरवं झालं ना." मामा म्हणायचे, "हं." आणि झडप उघडायचे.

पूड मेलेली असती तर पाणी नारिंगीच राहिलं असतं, आणि ते भाच्याला दिसलं असतं. म्हणजे विहिरीतलं विष दुसरीकडून कुठून तरी झिरपलेलं. मामांचं गणित चोख होतं.

टाकीच्या मागे भाचा पालथ्या पिंपावर बसला होता. मामा त्याच्या शेजारी टेकले. साहेब काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच ती गोष्ट तोंडानं बोलून दाखवली.

"मला रंग कळत नाहीत रे. तुला ठाऊक आहेच. उद्या मी साहेबांना माझं नाव देतो. नोकरी जाईल, जाऊ दे. तू फक्त एवढंच सांग, की तू हिरवं बघूनच हिरवं म्हणालास. मग पाणी आपलं नाही हे सिद्ध होईल. नातवाचं काय व्हायचं ते होईल, पण लेकीला मी विष पाजलं नाही, एवढं तरी मला कळू दे."

भाच्यानं तोंड फिरवलं. मामांना वाटलं, आपल्या नोकरीपायी त्याला वाईट वाटतंय. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुम्हाला दिसत नाही?" भाच्यानं विचारलं.

"कधीच दिसलं नाही."

"आईनं शपथ घातली होती," भाचा म्हणाला. "डोळ्यांचं मामाला कळू देऊ नकोस, तो कामावर घ्यायचा नाही म्हणून. मामा, मी सांगत नव्हतो. मी रोज तुम्हाला विचारत होतो."