पोपटी साडी

स्वप्निलनं गुपचूप आणून दिलेली पोपटी साडी कोमल एकदाही नेसली नव्हती. नुसता घडीच्या कोपऱ्यावर निळ्या पेनानं बारीक बदाम काढून ठेवला होता. मग स्वप्निलच्या आईला, कावेराबाईंना, सगळं कळलं. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आमच्या घरची साडी त्या पोरीच्या अंगावर पडायची न्हाई!" स्वप्निल खाली मान घालून आईच्या मागं गेला.

साडी जाळायला कोमलचं मन धजेना. शेवटी तिनं ती आईच्या आहेराच्या ट्रंकेत सारली. त्यांच्या जवळा बाजार गावात आहेराची साडी कुणी नेसत नसतं. या लग्नात आली की त्या लग्नात जाते. पुढच्याच लगीनसराईत ती कुण्या पाहुण्यांकडे गेली आणि कोमल कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दोन वर्षांनी कोमलचं लग्न लागलं, सेनगावच्या एका हसऱ्या मास्तराशी. गावातलं लग्न, म्हणून कावेराबाईही आल्या. कोमलला कुंकू लावून त्यांनी पिशवीतली साडी काढली आणि सगळ्यांदेखत तिच्या खांद्यावर टाकली.

पोपटी. कोपऱ्यावर निळा बदाम.

कोमल ओठ दाबून हसू आवरत होती, तोच कावेराबाई तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या,



"खास तुझ्यासाठीच घेऊन ठिवली व्हती, लेकरा. नेस बरं, कुणाला आहेरात देऊन टाकू नको."